हसरा कौल

ताडपत्रीची गाठ सुटेना, तेव्हा देवस्थान समितीचे अध्यक्ष थ्येनफू यांनी कोयती मागवली. देवळाच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. आज समुद्रदेवी माझूचा वाढदिवस. शेजारच्या बेटावरून तिथल्या देवीची पालखी आणि तिच्यामागची सगळी माणसं जेवायला यायची होती.

"सावकाश काप रे," अध्यक्ष म्हणाले. "आत आरसा आहे, आरसा. एकेकाला आपापलं तोंड दिसेल."

ताडपत्री खाली आली. आधी दिसला संगमरवर. त्यावर सोनेरी अक्षरांत अध्यक्षांचं नाव, काल कोरल्यासारखं. मग दिसलं देवळाचं नवंकोरं उघड्यावरचं स्वयंपाकघर. पोलादी ओटा पार तपकिरी पडला होता. अध्यक्षांनी कपाट उघडायला हात घातला, तर दारच हातात आलं. शेगडीच्या भोकांत मीठ बसलं होतं. नळ आधी फिरेना, आणि फिरला तो तुटूनच.

गाव कोळ्यांचं. गंज बघायला तिथे कुणाला चष्मा लागत नाही.

"वीस वर्षं बघायला नको म्हणाला होता कारखानदार," अध्यक्ष हातातल्या दाराकडे बघत म्हणाले. "छातीवर हात ठेवून सांगितलं होतं त्याने."

"आणि हातात फडकं धरून काय सांगितलं होतं?" बाओजू म्हणाली. गावातल्या प्रत्येक लग्नाचं, प्रत्येक उत्सवाचं जेवण या बाईच्या हातचं. धक्क्यावर तंबू ठोकायचा, चुली मांडायच्या, संध्याकाळी सगळं आवरून घरी. आज तिला या ओट्यावर रांधायला बोलावलं होतं. "रोज वापरा, गोड्या पाण्याने पुसा, वारा खेळू द्या. बेटावर पोलाद विकणारा एवढं तरी सांगतोच."

"वापरणार कसं, वहिनी? उद्घाटन नको व्हायला?"

"म्हणून तीन हिवाळे बाळंतिणीसारखं गुंडाळून ठेवलंत! खारा वारा खालून आत शिरला तो आतच राहिला. उघडं टाकलं असतं, तर निदान पावसाने धुतलं असतं."

"माझा काय दोष यात? दर वर्षी आईला कौल लावला. आई होकारच देईना. दर वेळी हसायची. शेवटी यंदा न विचारताच उघडलं."

देवीपुढे चंद्रकोरीसारख्या, एका अंगाने सपाट नि दुसऱ्या अंगाने फुगीर, अशा दोन लाकडी फोडी टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की 'हो'. दोन्ही पालथ्या पडल्या की 'नाही'. आणि दोन्ही सपाट अंग वर करून डुलत राहिल्या, की देवी हसली.

देवळाचा म्हातारा राखणदार आखिम पायरीवरून उठला. "थ्येनफू, तू विचारलंस काय पण?"

"सरळच विचारलं. म्हटलं, आई, उद्घाटन यंदा उरकून घेऊ, का पुढच्या वर्षी मंत्री आणून करू?"

आखिमने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, कौलात एकच विचारायचं असतं. तिच्याजवळ हो आणि नाही, एवढंच आहे. चहा घेतेस का सरबत म्हटल्यावर ती हसेल नाही तर काय करेल?"

मागे कुणाला तरी खोकला आला, आणि तो साथीसारखा पसरला.

तेवढ्यात धक्क्यावरून ढोल ऐकू आला. बोट लागली होती. बोटीतून पहिला उतरणार तो त्या बेटावरच्या देवळाचा अध्यक्ष लू. तीन वर्षं थ्येनफूंनी भेटेल तिथे त्याच्यासमोर या स्वयंपाकघराचं कौतुक केलं होतं. आता तो जेवणाआधी तेच बघायला मागणार. आणि जेवण? पाहुण्यांना काय संगमरवर वाढायचा?

बाओजूने फाटकाबाहेरची हातगाडी आत ओढली. गाडीवर तिच्या काळ्या लोखंडी चुली, गॅसची टाकी, चिरलेल्या लाल भोपळ्याची पाटी आणि तांदळाच्या शेवया.

"तुम्हाला कुणी आणायला सांगितल्या?" अध्यक्ष म्हणाले.

"सवय."

"किती जुन्या म्हणायच्या या?"

"काय सांगू? पाय नवऱ्याने बदलले, कडा मुलाने जोडल्या, आतली तोटी तर परवाच घातली. जुना म्हणाल तर नुसता आवाज उरलाय."

तिने काडी ओढली. चूल समुद्रासारखी घोंघावली.

अध्यक्ष कपाटाचं दार बाजूला ठेवून, सदरा झटकून देवीसमोर गेले आणि फोडी हातात घेतल्या. आखिमचे डोळे पाठीत रुतल्यासारखे वाटत होते. या वेळी एकच विचारायचं.

"आई, आजचं रांधणं बाओजूच्या चुलीवर करू?"

एक उताणी, एक पालथी.

अध्यक्ष वळले तेव्हा आवाज परत पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. "बघितलंत? आईला हिचीच चूल हवी होती! तीन वर्षं तेच सांगत होती, आपल्यालाच कळत नव्हतं." नाव कोरायच्या वेळी अध्यक्ष एकटेच होते, चुकीच्या वेळी 'आपण' झाले. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरी गोष्ट अशी की एव्हाना चुलीवर चढलेल्या शेवयांचा वास सुटला होता.

"लू आला की मी त्याला हेच सांगणार," अध्यक्ष म्हणाले.

"सांगा की," बाओजू झारा हलवत म्हणाली. "फक्त हा ओटा परत झाकू नका."

अध्यक्षांना ते पटलं. एवढा कौल मिळालाच आहे, तर पुढे याचं काय करायचं तेही लगेहात विचारून टाकावं. त्यांनी फोडी पुन्हा उचलल्या.

"आई, हे स्वयंपाकघर आता दुरुस्त करून घेऊ, का भंगारात देऊन टाकू?"

आखिमने तोंड फिरवलं. फोडी पडल्या, आणि सपाट अंगं वर करून दोन्ही कितीतरी वेळ डुलत राहिल्या.

"बघा," अध्यक्ष सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आज आई किती खुशीत आहे!"