खंडेनवमीची तलवार

"तलवार आत जाणार नाही," रसायनशास्त्र शिकवणारी नीरजा म्हणाली आणि दोन्ही हात आडवे लावून प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव बघतच राहिले. खंडेनवमी होती. आजोबांची ही तलवार दरवर्षी विहिरीवरच्या मोटारीला लागायची, ट्रॅक्टरला लागायची, कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांना लागायची. ती लागली की वर्षभर यंत्राला काही होत नाही, ही त्यांची पक्की खात्री. आता कॉलेजात एनएमआर आलं होतं. कुठल्या रेणूत कोणता अणू कुठं बसलाय ते सांगणारं, माणसाहून उंच यंत्र. त्याला कसं वगळणार? मागे प्राचार्य उद्धवराव पूजेचं ताट धरून उभे, घामाघूम.

"पोरी, पूजा हाय ही. लढाई नाही," पंजाबराव म्हणाले.

"पूजा कराच ना भाऊसाहेब. सकाळी म्याच त्याले पुसून झेंडू वाह्यला. पण लोखंड नाही. आतमधी जबर चुंबक हाय. तलवार हातात राह्यची नाही, जाऊन आदळन. मंग हेलियम उडून जाईन, अन् यंत्र मेलं समजा."

"मंग बंद कर थोडा वेळ."

"त्याले बटणच नाही."

"यंत्राले बटण नाही? काऊन येड्यात काढतं मले?"

पण खरंच नव्हतं. तो चुंबक एकदा जागा केला की लाईट असो नसो, रात्रंदिवस जागाच. हेलियमच्या थंडीत बसलेला. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं जुनं म्हणून काढून टाकलेलं हे यंत्र नीरजानं दहा जणांचं डोकं खाऊन इथं उठवलं होतं. केसातल्या पिना, घड्याळ, किल्ल्या, सगळं बाहेरच्या वाटीत ठेवून ती आत जायची. आता ते विझलं, तर पुन्हा उठवायला इथं कोणी येणार नव्हतं. मग कॉलेजात येणाऱ्या सोनाळ्याच्या, साखरखेर्ड्याच्या पोरींनी पुस्तकातली चित्रंच बघायची!

"मॅडम," उद्धवराव हळूच म्हणाले, "तुमच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर दरवर्षी सही साहेबांचीच लागते."

"लागू द्या सर." तिनं आडवे हात आणखी ताणले.

पंजाबरावांचा चेहरा लाल झाला. "मी कोण हाय ठाऊक हाय ना तुले?"

"हाव. म्हणूनच तोंडानं सांगून राह्यली. दुसरं कोणी असतं तं ढकलूनच देल्लं असतं."

बस्स! त्यांनी तिच्या हातावरून तलवार आत घातली आणि एक पाय चुंबकाची हद्द दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पिवळ्या रेघेपलीकडे टाकला.

तलवारीचं टोक आपोआप वळलं. दाव्याला वासरानं हिसका द्यावा तशी ती मुठीतून ओढ घेऊ लागली. पंजाबरावांनी घाईनं दुसरा हातही लावला. नीरजानं त्यांचं मनगट धरलं. आजवर त्यांच्यासमोर ती कधी खुर्चीत बसली नव्हती, आणि आता दातओठ खाऊन त्यांना मागे खेचत होती. दोघांनी मिळून तलवार इंच इंच बाहेर काढली. उद्धवरावांनी तर भीतीनं डोळेच मिटले होते.

"नारळ इथंच फोडा," पंजाबराव त्यांना म्हणाले.

नारळ उंबऱ्याबाहेर फुटला. तलवार म्यानात गेली. मग ते नीरजाकडे वळले. "प्राचार्यासमोर अडवलं तू मले. दसरा होऊ दे, तुह्या सहीचं पाह्यतो मी."

"पाहा भाऊसाहेब. पण यंत्र थंड ठेवाले उद्या नायट्रोजन भराचा हाय. दसरा असो का काही असो, मी येईन."

ते जिना उतरू लागले.

तलवार म्यानात होती, तरी ती त्यांनी अजून दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.