पक्के दात

“कसे पडले?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं तिला, आणि उत्तर दिलं नवऱ्याने.

“बाथरूममध्ये पाय घसरला. वेंधळी आहे हो ही, पहिल्यापासून.” तो हसला. माणूस मोठा लाघवी. बाहेर बसल्या बसल्या त्याने एका आजोबांना आपली खुर्ची दिली होती आणि आता बायकोची पर्स मांडीवर सांभाळत होता.

ती तोंडावर रुमाल धरून बसली होती. वरचे पुढचे चार दात गेले होते, उरलेले खिळखिळे झाले होते. तेही काढावे लागणार, हे बाईंना एका नजरेत कळलं.

बाईंना बोलायची दांडगी हौस. टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उचलून त्यांनी जी सुरुवात केली ती थांबेचनात. आधी हाडात स्क्रू बसवायचे. हाडाने ते घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं. मग त्यांच्यावर दातांची अख्खी ओळ पक्की करून टाकायची, पुन्हा काढायचं नाव नाही. “अक्रोड फोडलेत तरी हूं की चूं करणार नाहीत!”

“हेच पाहिजे,” नवरा म्हणाला. “चारचौघांत जावं लागतं हो, मॅडम. हिला अशी कुठे नेणार? एकदाच काय ते पक्कं करा. धक्काबिक्का लागला तरी टिकतील ना?”

“स्क्रू काही तुटायचा नाही. फारच जोरात लागलं तर हाड मोडेल. आपल्या दाताच्या मुळाशी जराशी गादी असते, याला ती नसते. सगळा दणका थेट हाडात.” आपण पेशंटला उगीच घाबरवतोय असं वाटून बाई घाईने म्हणाल्या, “पण असं रोज कोण पडतंय?”

ती हसली नाही. तिने रुमाल तोंडावर आणखी घट्ट दाबला. सुईला भिणारे पुष्कळ पेशंट बाईंनी पाहिले होते. ही त्यांतलीच एक, असं त्यांनी मनाशी धरलं आणि तिला एक्स-रेसाठी आतल्या खोलीत नेलं. नवराही पर्स घेऊन उठला.

“तुम्ही बाहेरच थांबा. आत पेशंटशिवाय कुणाला सोडत नाही.”

खोली लहान होती, दार जाडजूड. बाईंनी दार लोटलं आणि यंत्रावर तिची हनुवटी टेकवायला गेल्या, तेवढ्यात तिने त्यांचं मनगट पकडलं. रुमाल खाली पडला.

“डॉक्टर, काढता येणारे नाही का मिळत?” पुढच्या दातांवाचून तिचे शब्द फुसफुसत बाहेर येत होते.

“मिळतात की. त्याच स्क्रूंवर बटणासारखे टच् करून बसतात. पण पक्के मिळत असताना ती कटकट कशाला? रोज रात्री काढा, धुवा, डबीत ठेवा...”

“तेच द्या. यांना सांगू नका.”

“अहो, पण का?”

तिने दाराकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला.

“यांची गाडी फाटकाशी वाजली की काढून ठेवीन. मग दणका हाडात नाही ना जायचा?”

दात काढून ठेवले तरी स्क्रू हाडातच राहणार होते. ते तिला सांगायला बाईंची जीभ रेटेना.

दारावर टकटक झाली.

“झालं का, मॅडम?” तोच लाघवी आवाज. “काय म्हणतेय ही?”

तिने त्यांचं मनगट सोडलं आणि निमूटपणे हनुवटी यंत्रावर टेकवली. दाराची मूठ हळूहळू खाली जात होती.

बाईंनी हात लांब करून आतून कडी घातली.