दोन गल्ल्यांचं अंतर

रिटायर झाल्यापासून माझा लेक रॉस आणि त्याची बायको नोएलीन सहलीच्या बोटीवरच राहतात म्हणा ना. शंभर दिवस समुद्रात, मग तीन महिने इथं फ्रीमँटलला, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, की पुन्हा बोट.

या खेपेला परतून महिना झाला, तेव्हा कुठं परवा दोघं तोंडं पाडून माझ्या दारात उगवली.

"आई, पुढच्या बोटीवर नाही जात आम्ही," रॉस म्हणाला. "तू नव्वदीची झालीस. तुझ्याजवळ राहावं म्हणतो."

"का रे, मला कुठं पुरायचं तेही ठरवून आलास का?"

"तसं नाही हो, आई," नोएलीन म्हणाली. "तुमची काळजी वाटते."

मी काठी खुर्चीलाच टेकवून ठेवली आणि तशीच फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेले. गुडघे बोंबलत होते, पण तोंडावर हसू ठेवलं. "बघितलंत? चला, बॅगा भरा!"

"आईंचं मन किती मोठं आहे," नोएलीन जाता जाता म्हणाली.

मन कसलं मोठं! बोटीवर असला की माझा रॉस रोज संध्याकाळी न चुकता फोन करतो, जेवलीस का विचारतो.