चेंडू टेकवायचा कुणी

रेषा ओलांडून गोविंदा थांबला. चेंडू त्याने छातीशी धरला होता, दोन्ही हात खालून लावलेले. मागून रोह्याचे तेराच्या तेरा जण धावत येत होते आणि पेणची माणसं मैदानाच्या कडेला घसा फोडत होती, "टेकव! अरे टेकव!" चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, आणि ट्राय झाला की रग्बी लीगचा कप पेणचा. शेवटचं मिनिट चाललं होतं. वाकायचं आणि टेकवायचं, एवढंच काम.

गोविंदा वाकेना.

पेणला हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती उचलणारा गडी हा. आतल्या खोलीतून मूर्ती उचलायची आणि टेम्पोत नेऊन ठेवायची. त्याचा बापही हेच करायचा. कारखान्यात मूर्ती कधी नुसत्या जमिनीवर ठेवत नाहीत, खाली पाट लागतोच. गेल्या वर्षी गोविंदाचा पाय घसरला आणि रोह्याच्या मंडळाची मूर्ती फरशीवर आपटली. सोंड तुटली. हैबतराव ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी त्याच्या हातात रंगाचे डबे दिले, आणि तेव्हापासून गोविंदा डबेच उचलत होता. मूर्ती निघाली की तोंड फिरवून उभा राहायचा. वाईट वाटायचं त्याला, फार वाईट.

मग हे रग्बीचं खूळ आलं. वडखळच्या एका हॉटेलवाल्याने टीम काढली, ते हैबतरावांना बघवलं नाही, म्हणून त्यांनी कारखान्याची काढली. गोविंदाला घेतलं ते त्याचे खांदे बघून. तो म्हणाला, "शेठ, सीझनभर चेंडू माझ्या हातून खाली पडला नाय, तर मूर्ती उचलू द्याल?"

"एकदा जरी पडला, तर जन्मभर डबे," हैबतराव म्हणाले.

चेंडू पडला नाही. गोविंदा तो असा न्यायचा की बघणाऱ्याने चपला काढाव्यात. पावलं जपून, नजर समोर. वडखळच्या तिघांनी त्याला मागून धरलं तर तो तिघांना घेऊन चालत राहिला. नेताना चेंडूवर रुमाल टाकला तर चालेल का, असं त्याने पंचांना एकदा अगदी मनापासून विचारलं होतं. पंच नको म्हणाले. रेषेजवळ पोचला की तो वळून चेंडू सुशीलच्या हाती द्यायचा आणि टेकवायचं पाप सुशील करायचा. सुशील डोलवीच्या स्टीलच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला, त्याला पाटाबिटाचं काही नव्हतं. हरेल तो बाहेर, असा हा कप. पेण एकदाही हरलं नाही. आणि फायनलला, रोह्यालगतच्या अष्टमी गावच्या मैदानावर, सुशील हाफटाइमला निघून गेला. त्याची सेकंड शिफ्ट होती.

म्हणून आता रेषेपलीकडे गोविंदा एकटा.

हैबतराव लेंगा सावरत मैदानात घुसले. "अरे टेकव की! बघतोस काय?"

"शेठ, पाट कुठाय?"

"पाट?"

"नुसत्या भुईवर कसा ठेवू? हातच जात नाय."

हैबतरावांनी खरोखर इकडेतिकडे पाट शोधला. पाहुण्यांसाठी मांडलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची त्यांना दिसली. ती घेऊन ते धावले, तेवढ्यात रोह्याचे तेरा जण गोविंदावर येऊन आदळले. कुणी कमरेला, कुणी मानेला, एकजण तर नुसता दंडाला लोंबकळत होता. रोह्याचा कॅप्टन हर्षद त्याच्या कानाशी ओरडत होता, "सोड रे बाबा, सोड!" गोविंदा गुडघ्यांवर आला. चेंडू मात्र डोक्याच्या वर, दोन्ही हातांत. शिट्टी वाजली. कप रोह्याचा झाला.

परतीच्या वाटेवर टेम्पोत, पेण आलं तसं गोविंदाने हळूच विचारलं, "शेठ, चेंडू पडला नाय. मूर्तीचं काय?"

"कप घालवलास आन् वर मूर्ती मागतोस?" हैबतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे दारातच मांडून ठेवलेले होते. गोविंदाने ते निमूट उचलले.

श्रावणात रोह्याचा टेम्पो कारखान्यापुढे उभा राहिला. हर्षद आणि त्याची अख्खी टीम मंडळाचा गणपती न्यायला आली होती. हैबतरावांनी नव्या गड्याला, काळुरामला, हाक मारली.

"तो नको," हर्षद म्हणाला.

"का रं? चांगला माणूस हाय. गेल्या वर्षीसारखं व्हायचं नाय, माझी गॅरंटी."

"तुमची गॅरंटी ऱ्हाऊ द्या शेठ." हर्षदने डबे घेऊन चाललेल्या गोविंदाकडे बोट दाखवलं. "आम्ही तेरा जण याच्या अंगावर लोंबकळलो. समोर कप व्हता. तरी यानं खाली ठेवला नाय. आमचा गणपती हाच उचलंल."

गोविंदाने डबे तिथेच जमिनीवर ठेवले, हात स्वच्छ धुतले आणि तो आत गेला. मूर्तीखाली हात घालताना त्याचे डोळे भरून आले. रोह्याच्या टीमने दोन्ही बाजूंना सरून त्याला वाट करून दिली. टेम्पोपाशी येऊन तो सवयीने थांबला आणि आत वाकून बघू लागला.

"बघतोस काय?" हर्षद म्हणाला. "पाट आणलाय आम्ही."