मधली बिजागरी

"तेल घालू नका," जैनोद्दीन मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले आणि शिपाई धोंडीबाच्या हातातली बुधली त्यांनी बाजूला ठेवली.

दवाखान्याच्या मोटारखान्याचं ते दार निजामाच्या मोगलाईतलं. पत्रा ठोकलेलं, एकच रुंद दार, तीन बिजागऱ्यांवर लटकलेलं. आत जीप उभी होती. मोटारखान्याच्या भिंतीला लागूनच दवाखान्याची अंधारी खोली होती, आणि त्या खोलीत बब्रुवान पडून होता. कुळवाची लोखंडी फास पायाला लागून त्याला धनुर्वात झाला होता.

काल सकाळी ड्रायव्हर आयुबनं दार हातभर उघडलं. ते किंचाळलं, आणि भिंतीपलीकडे बब्रुवानचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. डोकं आणि टाचा, एवढ्याच खाटेला टेकलेल्या. गेलेला श्वास परत यायला फार वेळ लागला. तेव्हापासून दाराला कोणी हात लावला नव्हता. दवाखान्यात खोकायचीही चोरी झाली होती.

आणि आज तार आली. इथली संपलेली इंजेक्शनं धाराशिवला मिळत होती. एस.टी. थेट संध्याकाळी. डॉक्टर मिस्त्रींना म्हणाले, "संध्याकाळ लांब आहे, चाचा. जीप आत्ता निघाली पाहिजे."

"पण तिघींतली कोणती ओरडती, ते दार हलवल्याबिगर कसं कळायचं?" आयुबनं कुजबुजत विचारलं.

"ओरडायच्या आधी लोखंड थरथरतं. ते बोटाला कळतं." मिस्त्रींनी पहारीला गोणपाट गुंडाळलं आणि ती दाराखाली सरकवली. "उचल. तिळाएवढंच."

त्यांनी खालच्या बिजागरीवर दोन बोटं ठेवली. आयुबनं पहार दाबली. काही नाही. मग वरची. तिथंही काही नाही. मधलीवर बोटं टेकली आणि पहार दाबताच मिस्त्रींनी दुसरा हात झटकन वर केला. आयुब जागच्या जागी थांबला. तिघांनी भिंतीकडं पाहिलं.

आतून आवाज आला नाही.

मिस्त्रींनी खिळ्याच्या टोकानं बिजागरीची फट उकरली. लाखेसारखा काळा-तांबडा खपला निघाला. त्यांनी तो हुंगला.

"धोंडीबा, हिच्यात काय घालता तुम्ही?"

"करडीचं तेल. दर शनिवारी मारुतीला वाहून उरलं की या तिघींच्या तोंडात. ही मधली लई कुरकुरायची, म्हणून हिला जास्त." शिपायाची मान जराशी ताठ झाली. "अकरा वर्षं झाली. एक शनिवार चुकला न्हाय."

"घरी कढईच्या काठाला करडीचं तेल वाळून कसं बसतं, पाहिलंय?"

"बसतं की. नखानं निघत न्हाय."

"तेच हिच्यात बसलंय. वर धूळ, धुळीवर पुन्हा तेल."

"देवाचं तेल हाय ते, मिस्त्री!"

"देवाला चालतं, धोंडीबा. लोखंडाला न्हाय चालत."

धोंडीबानं बुधलीकडं पाहिलं, मग भिंतीकडं. त्याचे ओठ हलले. "म्हंजे काल ते पोरगं... माझ्यामुळं?"

"बत्तीतलं घासलेट आणा," मिस्त्री म्हणाले. "आणि मऊ चिंधी. पुसायला तुम्हीच बसा. आयुबचा हात जड आहे."

घासलेट थेंबाथेंबानं फटीत सोडलं. मिस्त्री उकिडवे बसून राहिले. डॉक्टर ओसरीवर आले आणि मनगटावरच्या घड्याळाला बोट लावून उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांना नुसता तळहात दाखवला.

"चाचा, बिजागरीला दम देताय का बिर्याणीला?" आयुबच्या कपाळावर घाम होता.

"कच्ची राहिली तर तुलाच खावी लागंल."

धोंडीबा पुसत होता. चिंधी काळी झाली की दुसरी घेत होता. अकरा वर्षांचे शनिवार चिंधीला लागून निघत होते. शेवटी फटीत उघडं लोखंड दिसलं. मिस्त्रींनी करंगळीनं आतवर ग्रीस भरलं, पहार पुन्हा तिळाएवढी दाबायला लावली आणि बिजागरीवर बोटं ठेवून डोळे मिटले. या वेळी लोखंड थरथरलं नाही.

"ओढा, धोंडीबा."

"माझा हात नको त्या दाराला."

"तुमचाच पाहिजे. सावकाश."

धोंडीबानं पायातल्या वहाणा काढल्या. दोन्ही हातांनी कडी धरली. दार वीतभर आलं. हातभर आलं. मग काल जिथं थांबलं होतं, त्याच्याही पुढं आलं. मिस्त्री बिजागरीवर बोटं ठेवून दाराबरोबर फिरत होते. दार पूर्ण उघडून भिंतीला टेकलं, तेव्हा धोंडीबाच्या गळ्यातून हुंदक्यासारखं काही येऊ लागलं. त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

जीप चालू केली नाही. आयुबनं आत बसून चाक धरलं. मिस्त्री, धोंडीबा आणि कंपाउंडर मागून ढकलत राहिले, दवाखान्याच्या आवाराबाहेर, बाभळींच्या पुढं, ओढ्याच्या उताराला. तिथं गेल्यावर इंजिन सुरू झालं. ते दवाखान्यापर्यंत ऐकू आलं नाही.

डॉक्टर अनवाणीच अंधाऱ्या खोलीत शिरले. बब्रुवानचा श्वास चालू होता. खाटेच्या उशाशी त्याची आई, कडूबाई, वाकून बसली होती. दार उघडणार आहेत, पण अंगाला हात लावायचा नाही, असं तिला बजावलेलं होतं, म्हणून दोन्ही तळहात तिनं मुलाच्या कानांपासून बोटभर अंतरावर धरले होते. हात कोपरापासून थरथरत होते.

"दाक्तरसाहेब," तिनं डोळे न उघडता ओठांतल्या ओठांत म्हटलं, "एकदाचं उघडा म्हणावं ते दार. आता लई येळ हात ऱ्हायचे न्हाईत."