रोजच्या दोनशे सायकली

विब्केचे वडील डेटलेफ त्या सोमवारीही रस्त्यात बसवलेल्या, सायकली मोजणाऱ्या यंत्रावरून सायकलने येरझाऱ्या घालत होते. रोज दोनशे सायकली गेल्या तरच नगरपालिका इथे सायकलमार्ग बांधणार होती आणि त्यांच्या सायकल मंडळात माणसं होती जेमतेम अकरा.

"बाबा, पुरे आता! लोक हसतायत," विब्के खिडकीतून ओरडली.

"हसू देत गं! एकशे बावन्न झाल्या."

मंगळवारी ते झोपेतून उठलेच नाहीत.

महिन्याने नगरपालिकेचं पत्र आलं: "रोजच्या दोनशे सायकली एकदम दहावर आल्या. लोक गाड्यांना घाबरून घरी बसले असावेत. सायकलमार्ग तातडीने मंजूर."



रिकाम्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विब्के म्हणाली, "बाबा, तू एकटा एकशे नव्वद जण होतास!"