उलगडलेल्या साड्या

खडेबाजारातील एका साडीच्या दुकानात अंबूबाईंकडे एकच काम होते: गिऱ्हाइकांपुढे उलगडलेल्या साड्यांच्या पुन्हा नीट घड्या घालणे. गिऱ्हाईक रोडावले, तसे मालक म्हणाले, "उलगडायलाच कोण येत न्हाय, तर घडी कशाची घालतासा? उद्यापासनं दुपारपुरतंच या."

अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर घर चालेना. तेव्हा अंबूबाईंनी वडगावातील आपल्या गल्लीतल्या बायकांची मनधरणी केली, "घेऊ नगासा गं, नुसत्या उलगडून बघा."

बायका हसतखेळत येऊ लागल्या. साड्या दाखविणारे वृद्ध देवाप्पा मोठ्या उमेदीने पदरामागून पदर पसरीत राहिले. गादीवर ढीग साचू लागले, आणि मालकांनी अंबूबाईंना पुन्हा दिवसभराचे काम दिले.

महिनाअखेरीस मात्र त्यांनी देवाप्पांना कायमची रजा दिली. अंबूबाई मान खाली घालून घड्या घालीत असता म्हातारा निरोप घ्यायला जवळ आला.

"गिऱ्हाईक लई आलतं गं पोरी, मलाच विकाय जमलं न्हाय. माझ्यापायी तुझं काम परत कमी झालं न्हाय, एवढं बरं झालं."